बिनसुईचं यंत्र

वाइसिना गावात पेनियामिनाच्या मांड्यांना जो मान होता, तो त्याच्या चेहऱ्याला कधीच मिळाला नाही. चेहरा आपला साधा, वीज मंडळाच्या बिल खात्यातल्या माणसाचा असतो तसा, नुकतंच कुणीतरी समोर उभं राहून भांडून गेल्यासारखा. पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत पेआ होता. अस्सल, पूर्ण, हाडाचा कंगवा हातोडीने ठोकून ठोकून गोंदवलेला, इतका दाट की लांबून वाटावं माणसाने काळी विजार घातलीय. पेआ अर्धवट सोडून पळालेल्या माणसाला सगळ्या सामोआत तोंड लपवायला जागा उरत नाही. आणि पेनियामिना तर म्हणे सगळं संपेपर्यंत हूं की चूं न करता पडून राहिला होता. हे 'म्हणे' गावात इतके जण इतक्या वेळा म्हणाले होते की आता त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं. ऑफिसला जाताना तो लावालावाची, म्हणजे कमरेच्या लुंगीची, गाठ चार बोटं वरच मारायचा, म्हणजे बसमध्ये बसल्यावर गुडघ्यापाशी नक्षीची किनार दिसावी आणि समोरच्या माणसाने उगाच जरा सरकून बसावं.

आणि हाच माणूस दवाखान्याच्या सुईला घाबरायचा.

घाबरायचा म्हणजे आपण पालीला घाबरतो तसं नव्हे. नर्सच्या ट्रेमध्ये नुसता कापसाचा बोळा दिसला की त्याच्या कानात समुद्र वाजायला लागायचा आणि गुडघे, तेच ते नक्षीदार गुडघे, शिजलेल्या टारोच्या पानासारखे व्हायचे. त्यामुळे जेव्हा त्याला सारखी तहान लागायला लागली आणि डॉक्टरांनी "एकदा रक्तातली साखर बघून घ्या" असं सांगितलं, तेव्हा तो अतिशय गंभीर चेहऱ्याने "हो, उद्याच" म्हणाला, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडला आणि परत त्या रस्त्यालाच गेला नाही. घरी बायकोला, फुआतिनोला, सांगून टाकलं की तपासणी झाली, सगळं उत्तम आहे.

या 'उत्तम'ने त्याचा घात केला. फुआतिनोने आनंदाने रोज सकाळी केळ्याचे पानिकेके तळायला सुरुवात केली. गोल, गरम, लुसलुशीत, आणि प्रत्येक घासाबरोबर पेनियामिनाला त्याचे वडील आठवायचे. वडिलांनीही साखरेची तपासणी पुढे ढकलली होती, आणि ती ढकलता ढकलता शेवटी त्यांचा डावा पाय गेला होता. माणूस पानिकेके खातोय आणि टेबलाखाली स्वतःची पावलं चाचपून बघतोय, असा नाश्ता कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं: साखर आहे की नाही. पण सुईशिवाय.

अशात ऑफिसच्या फळ्यावर विद्यापीठाचं एक पत्रक लागलं. श्वासातून आजार ओळखणारं एक नवं यंत्र तयार होत होतं आणि त्याच्या चाचणीसाठी त्यांना एक गाव हवं होतं. पत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: नळीत फुंकर मारा, बाकीचं काम उजेड करेल. पेनियामिनाने ती ओळ वाचली आणि तो तिथेच थांबला. पत्रकाला मागची बाजूही होती. पण माणसाला देवदूत भेटला तर तो त्याला पाठ वळवून दाखवायला सांगत नाही.

त्याने दुपारच्या आत गावाचं नाव देऊन टाकलं. गावाला विचारलं नव्हतं, ही बाब त्याला बसमध्ये आठवली.

विद्यापीठातून तिरेसा नावाच्या संशोधिकेचा फोन आला. मुलगी सावाई बेटाकडची, बोलायला गोड, पण शास्त्रावर आली की थांबेना. "काका, यंत्रात दोन आरसे समोरासमोर आहेत. मध्ये लेझरचा किरण हजारो वेळा इकडून तिकडे धावतो. ज्यांच्या शरीरात साखरेचा गोंधळ असतो त्यांच्या श्वासात बऱ्याचदा अ‍ॅसिटोन जास्त सापडतो. नखांचा रंग पुसतात ना, त्यात असतो तोच. तो किरणातला ठरावीक उजेड खातो. किती खाल्ला ते आम्ही मोजतो."

"म्हणजे खाणारा वायू, खाल्ला जाणारा उजेड," पेनियामिना म्हणाला. "आणि माणसाला काहीच नाही?"

"माणसाने फक्त फुंकायचं."

पेनियामिनाला त्या क्षणी विज्ञानाबद्दल जे प्रेम वाटलं, ते शाळेतल्या एकाही शिक्षकाला त्याच्यात निर्माण करता आलं नव्हतं.

मग सुरू झाल्या परवानग्या. रोज जेवणाच्या सुट्टीत तो एका नव्या खिडकीसमोर उभा. आरोग्य खात्यातल्या बाईंनी पंख्याची दिशा स्वतःकडे वळवून घेतली आणि विचारलं, "यंत्रात औषध आहे का?"

"नाही. उजेड आहे."

"उजेड आमच्याकडे येत नाही. वीज मंडळात विचारा."

"मी वीज मंडळातूनच आलोय."

"मग बघा. घरच्या घरी झालं असतं तुमचं काम."

बंदरावरच्या तपासणी कार्यालयात त्याहून वरचा प्रकार. तिथल्या साहेबांना श्वास हा सजीव पदार्थ की निर्जीव, असा प्रश्न पडला होता, आणि तो त्यांना अगदी मनापासून पडला होता.

"हा श्वास देशाबाहेर जाणार?"

"नाही हो. नळीतून पेटीत जाणार."

"आणि पेटीतून?"

"परत हवेत."

"कुठल्या हवेत?"

"आपल्याच की."

"मग निर्यात होत नाही," असं म्हणून साहेबांनी शिक्का मारला, पण मारताना ते जरा हिरमुसले होते.

गावातलं प्रकरण याहून नाजूक. शेजारी योसेफो हा चर्चच्या गायकवृंदातला पहिल्या ओळीचा गायक, आणि बरीच वर्षं ऑकलंडला बस चालवून आलेला. तिथल्या पोलिसांनी त्याला एकदा नळीत फुंकायला लावलं होतं, त्यामुळे श्वास या विषयात गावात त्याच्याइतका जाणकार कुणी नव्हता. तो रोज संध्याकाळी कुंपणावर कोपर टेकून येऊन उभा राहायचा. "पेनी, फुंकताना जीभ मागे घ्यायची. आणि डोळे मिटायचे नाहीत, त्यांना संशय येतो."

"कुणाला संशय येतो? हे साखरेचं यंत्र आहे."

"सगळी यंत्रं आतून एकच असतात," योसेफो म्हणाला.

मताईंच्या, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या, सभेत तर दोन तास एकाच मुद्द्यावर गेले: पहिली फुंकर कुणाची? थोरले मताई लेमालू यांच्याआधी कुणी फुंकलं तर अपमान, आणि त्यांच्यानंतर त्याच नळीत फुंकलं तर जास्त अपमान. शेवटी प्रत्येकाला वेगळी नळी मिळेल असं कळल्यावर सभा थोडी निवळली. तेवढ्यात महिला समितीच्या प्रमुख, म्हणजे पाळकबाई, पंख्याने वारा घेत अगदी सहज म्हणाल्या, "का हो, त्या श्वासात आणखी काय काय दिसतं? शुक्रवारी संध्याकाळी कोण कुठे बसलं होतं वगैरे?"

सभेतल्या निम्म्या पुरुषांना एकदम घरची कामं आठवली. पेनियामिनाला पुढचा आठवडाभर दारोदार जाऊन शपथेवर सांगावं लागलं की यंत्राला साखरेशिवाय कशातही रस नाही. तरी काही जण पेरूची पानं चघळत हिंडत होतेच.

शनिवार उजाडला. तिरेसाची सूचना स्पष्ट होती: सगळ्यांनी उपाशीपोटी यावं. ही अडचण पाळकबाईंनी चुटकीसरशी सोडवली. त्यांनी चर्चचा उपासच जाहीर करून टाकला, आणि उपास म्हटल्यावर वाइसिनाच्या माणसाने पाण्याचा घोटसुद्धा विचारून घेतला असता. गाव अगदी शिस्तीत पेनियामिनाच्या दारात चटयांवर येऊन बसलं.

पण पाहुण्यांचं काय? तिरेसा आणि तिचे दोन सहकारी गाडीतून उतरले, आणि पाहुणे दारात आलेत आणि त्यांच्यासमोर पान नाही, असं वाइसिनात कधी घडलेलं नव्हतं. विज्ञानासाठी तर ते मुळीच घडणार नव्हतं. फुआतिनो आणि समितीच्या बायकांनी पहाटेपासून मागच्या अंगणात उमू पेटवला होता. तापलेल्या दगडांवर डुक्कर, टारोचे कंद, ब्रेडफ्रूट, नारळाच्या दुधात शिजलेली टारोच्या पानांची पालुसामी.

"मावशी, आधी काम करू या ना," तिरेसा काकुळतीला येऊन म्हणाली. "हे सगळे उपाशी बसलेत."

"ते बसतील. त्यांचा उपास आहे. तुमचा कुठे आहे? बसा."

यजमानांनी पाहुण्यांच्या नंतर जेवायचं, ही रीत. त्यामुळे झालं असं की तीन बिचारे शास्त्रज्ञ मान खाली घालून पालुसामी गिळताहेत आणि सगळं गाव त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर मान वरखाली करतंय. लेमालू मताईंचं पोट मधेच एकदा मोठ्याने बोललं. सगळ्यांनी ते समुद्राकडून आल्यासारखं तोंड करून तिकडे पाहिलं.

जेवण एकदाचं झालं. तिरेसाने खोलीत यंत्र मांडलं, आधी खोलीतली नुसती हवा तपासली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "काका, या यंत्राच्या मते तुमच्या घराची तब्येत फार वाईट आहे."

उमूचा धूर. खोलीच्या काचपट्ट्यांच्या खिडक्यांमधून तो मजेत आत येत होता. मग चटया टांगल्या, ताडपत्री बांधली, लहान पोरांना पंखे देऊन धुरासमोर उभं केलं. घर बरं व्हायला बराच वेळ लागला.

पहिली फुंकर लेमालू मताईंची. ते उठले, खांद्यावरचा पंखा दुसऱ्या खांद्यावर घेतला, नळी तोंडाला लावली आणि राष्ट्राला उद्देशून भाषण करावं तसे फुंकले. तिरेसा पडद्याकडे बघतच राहिली. पडद्यावर जे उमटलं होतं ते, तिच्या म्हणण्याप्रमाणे, जिवंत माणसाच्या श्वासात सापडत नाही.

"मताईसाहेब, तोंडात काही आहे का?"

"काही नाही," मताई म्हणाले, आणि गालात गोळी फिरल्याचा आवाज आला.

योसेफोने बाहेर बसलेल्या प्रत्येकाला पेपरमिंट वाटलं होतं. "मग काय," तो ताठ मानेने म्हणाला, "परक्या मुलीच्या तोंडावर उपाशी तोंडाचा वास सोडायचा? गावाला काही लाज?" गावातल्या सगळ्यांचं मत तेच होतं. चुळा भरल्या. परत थांबणं आलं. परत पोटं बोलली.

मग स्वतः योसेफो. "हळू फुंका, पण शेवटपर्यंत," तिरेसाने सांगितलं, "खोल छातीतली हवा हवीय." गायकवृंदाच्या माणसाला असं सांगू नये. योसेफोने छाती भरली, जीभ मागे घेतली, डोळे उघडे ठेवले आणि ईस्टरच्या शेवटच्या स्वरासारखी फुंकर लावली. ती थांबेचना. लोक कौतुकाने बघू लागले. फट्ट असा आवाज झाला, नळी यंत्रातून निसटली आणि पाळकबाईंच्या मांडीवर जाऊन पडली.

"ऑकलंडला यापेक्षा मजबूत असायच्या," योसेफो म्हणाला.

आता पेनियामिना. इतक्या सगळ्यातून जाऊन तो शेवटी त्या नळीपाशी पोचला होता. त्याने हळू फुंकलं, शेवटपर्यंत फुंकलं, आणि पडद्याकडे पाहिलं. एक आकडा उमटला.

"आहे?" त्याने हळूच विचारलं. "की नाही?"

"ते यंत्राला अजून नीट ठाऊक नाही, काका. ते शिकतंय. एवढा वेळ उपाशी राहिलं की अ‍ॅसिटोन तसाही वाढतो." तिरेसाने शेजारची छोटी डबी उघडली. त्यात कापसाचे बोळे होते. "म्हणूनच प्रत्येक नीट आलेल्या श्वासाबरोबर बोटातून एक थेंब रक्त घेऊन ताडून बघायचं, आणि आजचा पहिला नीट श्वास तुमचाच. पत्रकाच्या मागच्या बाजूला होतं ना सगळं."

पेनियामिनाच्या कानात समुद्र वाजायला लागला.

बाहेरून लेमालू मताईंचा प्रसन्न आवाज आला. "वा. यजमानच पहिला. पोरांनो, पुढे या, बघा. पेआवाला माणूस सुईपुढे कसा बसतो ते बघून ठेवा."

पोरं पुढे आली. ती काही बघायला मिळणार म्हटल्यावर नेहमीच येतात.

"एक मिनिट," पेनियामिना म्हणाला. "मीटर बघून येतो. दाब जास्त वाटतोय." वीज मंडळाच्या माणसाने दाब जास्त वाटतोय म्हटलं की कुणी वाद घालत नाही. तो घरामागे गेला, मीटरच्या फळीसमोर उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मंडळाशी बेइमान झाला. मुख्य फ्यूज उपटून त्याने शर्टाच्या खिशात टाकला. आत यंत्र घुर्र करून बंद पडलं. यंत्र नाही, तर श्वास नाही. श्वास नाही, तर ताडून काय बघणार? स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की परत येताना चेहऱ्यावर थोडं दुःख आणायचं असतं हे विसरून गेला.

"वीज गेली," तो हसत म्हणाला.

"काही बिघडत नाही," तिरेसा म्हणाली. "रक्ताचं मशीन बॅटरीवर चालतं. वीज येईपर्यंत सगळ्यांची बोटं उरकून घेऊ. बसा काका."

पेनियामिना बसला. बसला म्हणजे गुडघ्यांनी स्वतःच तसं ठरवलं. फुआतिनो त्याच्या शेजारी येऊन टेकली आणि तिने हळूच हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"खिशात आहे ते."

त्याने फ्यूज दिला. तिने तो पदराआड केल्यासारखा लावालावाच्या गाठीत खोचला, जणू बायका रोजच तिथे फ्यूज ठेवतात.

"कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"तपासणी झाली म्हणालास त्याच दिवशी. मी विचारलं, कुठल्या हातातून रक्त काढलं. तू म्हणालास, पाठीतून."

"मग रोज पानिकेके का देत होतीस?"

"वाट बघत होते, कधी नको म्हणतोस ते. आणि साखर नव्हती घालत मी त्यात. नुसतं पिकलेलं केळं." ती त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाली, "तुझ्या बाबांचा पाय मीच धुवायची, पेनी. मला दुसऱ्यांदा ते करायचं नाहीये. बोट पुढे कर."

त्याने केलं. सुई दिसली. पेनियामिनाचा चेहरा कोवळ्या नारळाच्या आतल्या रंगाचा झाला, ओठ पांढरे पडले, आणि तो एका बाजूला कलंडायला लागला. पोरांचे डोळे वाटोळे झाले. योसेफोने तोंड उघडलं, आणि तो जे बोलणार होता ते पेनियामिनाला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

पण त्याच्या आधी लांगीमाइना आत्या उठली. आत्या म्हणजे घराण्यातली सगळ्यात म्हातारी, सगळ्यात जाड आणि सगळ्यात कमी बोलणारी. तिने उशी उचलली, चटईवर टाकली आणि म्हणाली, "पालथा पड."

"आत्या, बोटातून काढायचंय," तिरेसा म्हणाली.

"माहीत आहे गं. याचा पेआ झाला तेव्हा मीच होते शेजारी. कुणी एकट्याने बसून केलंय का ते कधी? आम्ही कातडी ताणून धरली, वारा घातला, आणि गात राहिलो. या पोराला धीर नाही, असं कुणी म्हटलंय? त्याला सोबत लागते. तुम्ही दवाखानेवाले सोबतीला कापूस देता." ती पेनियामिनाकडे वळली. "पड."

पेनियामिना पालथा पडला. हात त्याने मागे पसरला. दोन मावश्यांनी त्याचं एवढंसं बोट दोन बाजूंनी ताणून धरलं, एकीने पंख्याने वारा घालायला घेतलं, आणि आत्याने सुरुवात केली. ते जुनं गाणं होतं, गोंदवणाऱ्याच्या हातोडीबरोबर म्हणायचं. मग फुआतिनो, मग पाळकबाई, मग आख्खा गायकवृंद, कारण चार सूर लागलेले असताना गप्प बसणं त्या गायकांना जमलंच नसतं. योसेफोचं उघडं तोंडही शेवटी त्या कामी आलं. एका थेंबासाठी सगळं गाव चार आवाजांत गात होतं.

गाणं संपलं. पेनियामिना उशीत तोंड खुपसून म्हणाला, "आता करा."

"काका, झालं," तिरेसा म्हणाली. "दुसऱ्या कडव्यालाच." मग ती वाकली आणि फक्त त्याला आणि फुआतिनोला ऐकू जाईल इतक्या हळू बोलली. "साखर आहे. वाढलेली आहे. पण वेळेवर कळलं. गोळ्या घ्या, चाला, दर महिन्याला येऊन तपासा. पाय कुठे जात नाहीत तुमचे."

फुआतिनोने इतक्या महिन्यांचा रोखलेला श्वास सोडला. तो मोजायला यंत्र चालू नव्हतं.

पेनियामिना उठून बसला आणि आता गाव हसणार म्हणून त्याने मान खाली घातली. कुणी हसलं नाही. सगळे लेमालू मताईंकडे बघत होते, कारण आता रांगेत त्यांचा नंबर होता. मताईंनी डबीतल्या सुईकडे पाहिलं. मग बोळ्याकडे. मग, कुठलीही घाई न करता, उशीकडे.

"ही पद्धत बरी आहे," ते घसा साफ करून म्हणाले. "आपल्या रीतीला धरून आहे. माझ्या मते सगळ्यांचं असंच व्हावं." आणि ते सावकाश पालथे झाले. "उशी जरा जाड द्या. आणि ते मघाचं गाणं नको. फार लवकर संपतं ते."

"मताईसाहेब," तिरेसा घड्याळाकडे बघत म्हणाली, "सगळं गाव बाकी आहे. एकेकाला एकेक गाणं म्हटलं तर..."

"मग उमू परत पेटवू," फुआतिनो म्हणाली. "तुम्ही रात्री जेवूनच जाल."

पेनियामिना गुडघ्यांवर सरकत पुढे गेला. त्याने मताईंचं बोट मोठ्या अनुभवी माणसाच्या थाटात दोन्ही अंगठ्यांनी ताणून धरलं, मान पूर्ण वळवून समुद्राकडे केली, आणि आपल्या खर्जातल्या आवाजात सगळ्यात लांब गाणं सुरू केलं.